कांदा चाळीतला सेन्सर आषाढातही चालला पाहिजे: उजेडावर चालणारा वायरलेस नोड कसा बनवायचा

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतो आणि भाव बघत बघत ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ठेवतो, म्हणजे साठवणुकीचा सगळ्यात नाजूक काळ नेमका पावसाळ्यात येतो. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय साध्या साठवणुकीसाठी २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता सांगतं. आता ते आकडे आपल्या चाळीत मधल्या कप्प्यात किती आहेत हे कळायला तिथे सेन्सर पाहिजे, आणि सेन्सर म्हटलं की पहिला प्रश्न येतो की त्याला करंट कुठून द्यायचा. चाळीपर्यंत लाईट ओढायची तर वायर, उंदीर, शॉर्टसर्किट, आणि आजूबाजूला सगळी वाळलेली पात, म्हणून मी ते डोक्यातूनच काढून टाकलं.

आजूबाजूच्या उजेडावर वर्षानुवर्षं चालणारा, एकदा डबी बंद केली की परत उघडायला न लागणारा नोड (म्हणजे सेन्सर, रेडिओ आणि सेल असलेली छोटी डबी) कसा बनवायचा ते इथे सगळं सांगतो. माझं म्हणणं एकच आहे, आधी खर्च मोजा, मग कमाईकडे बघा. बहुतेक जण उलटं करतात, नोड बंद पडला की मोठं पॅनल लावतात, तरी बंद पडतो, मग त्याहून मोठं लावतात.

ऊर्जा कुठली घ्यायची

आजूबाजूला फुकट ऊर्जा चार-पाच प्रकारची असते. कंपनाची असते, गॅसच्या लायटरमध्ये खटका दाबल्यावर ठिणगी पडते ती पिझो क्रिस्टलची, तसंच मोटारीच्या थरथरीतून थोडी वीज निघते, पण चाळीत थरथरतंय काय. उष्णतेची असते, पण त्याला एक बाजू गरम आणि एक बाजू गार लागते आणि चाळीत तो फरक एखाद-दुसऱ्या अंशाचा, त्यातून मिळतात थोडे मिलीव्होल्ट. रेडिओ लहरींची असते, जुने क्रिस्टल रेडिओ सेलशिवाय वाजायचे ते याच ऊर्जेवर, पण तिथे मोठं प्रसारण केंद्र जवळ असायचं, आपल्या शेतात पोचेपर्यंत ती नावापुरती उरते. मोटारीच्या वायरीभोवती कॉइल घालूनही वीज घेता येते, फक्त मोटार चालू असेल तेव्हाच. विहिरीवरच्या नोडला ते बरं आहे, चाळीला नाही.

राहिला उजेड. भर उन्हात तो साधारण एक लाख लक्स (उजेडाचं माप) असतो, गच्च ढगाळ दिवशी उघड्यावर काही हजार लक्स, आणि आमच्या चाळीत मधल्या कप्प्यात भर दुपारी मोबाईलच्या ॲपवर दोनशेच्या आसपास दिसला. एक लाख आणि दोनशे, म्हणजे पाचशे पटीचा फरक. आपल्या डोळ्याला तो कळत नाही कारण डोळा जुळवून घेतो, पॅनल जुळवून घेत नाही. म्हणून नोडची डबी आणि सेन्सर आत असला तरी पॅनल बाहेर वळचणीला लावायचं आणि दोन वायरी आत आणायच्या, हा निर्णय सुरुवातीलाच करून टाका.

तरी आतल्या उजेडावरच चालवायचं असेल तर कॅल्क्युलेटरमध्ये असतो तसा अमॉर्फस सोलर सेल घ्यावा लागतो, साधा क्रिस्टलाईन मंद उजेडात फार लवकर मान टाकतो. पॅनासॉनिकचा एएम-१८१५ नावाचा साधारण ५८ बाय ४९ मिलीमीटरचा सेल आहे, तो २०० लक्सला ३ व्होल्टवर ४२ मायक्रोॲम्प देतो. बारा तास उजेड धरला तर दिवसाला जेमतेम अर्धा मिलीॲम्प-अवर. हा अर्धा लक्षात ठेवा, खाली त्याची गाठ पडणार आहे.

आधी खर्च

हिशोबाला मी मिलीॲम्प-सेकंद वापरतो, म्हणजे किती मिलीॲम्प गुणिले किती सेकंद, रुपये-पैशासारखं सोपं पडतं.

ईएसपी३२ या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलरचा (छोट्या कॉम्प्युटर-चिपचा) तयार बोर्ड घेतला आणि वायफायने डेटा पाठवला तर उठणं, राउटरला जोडणं, पाठवणं यात चारेक सेकंद जातात आणि सरासरी १२० मिलीॲम्प धरा, एका रीडिंगला झाले ४८०. ते एक वेळ चालेल. पण तोच बोर्ड झोपलेला असताना त्याच्यावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा तुकडा, एकटाच पाच मिलीॲम्पच्या आसपास खात बसतो, पंधरा मिनिटांत ४५०० मिलीॲम्प-सेकंद, काहीही काम न करता. चिप झोपते फक्त १० मायक्रोॲम्पवर आणि बोर्ड जागाच राहतो.

म्हणून मी ॲटमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरचा साधा प्रो मिनी बोर्ड घेतो, ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झवाला, रेडिओला आरएफएम९५ हा लोरा (कमी ऊर्जेत लांब पोचणारा रेडिओ) मोड्यूल, आणि तापमान-आर्द्रतेला एसएचटी३१. डीएचटी११ स्वस्त मिळतो पण आर्द्रतेच्या बाबतीत त्याच्या आकड्यावर माल ठेवायचा निर्णय मी घेणार नाही.

बोर्ड हातात आला की पहिलं काम म्हणजे पॉवरची एलईडी आणि रेग्युलेटर काढणं. रेग्युलेटर म्हणजे पाच पायांचा तांदळाएवढा काळा तुकडा, इस्त्रीला म्हणजे सोल्डरिंग आयर्नला थोडं जास्त कथिल घेऊन दोन्ही बाजूचे पाय एकदम वितळवले की तो सरकून निघतो, ओढायचा नाही, ओढला की खालचा तांब्याचा पट्टा सोलून येतो. एलईडी तर टोक लावलं की उडतेच. एवढं केलं की झोपेतला करंट मिलीॲम्पवरून थेट पाच-सहा मायक्रोॲम्पवर येतो, ठरल्या वेळी चिपला उठवणारा वॉचडॉग टायमर चालू धरून. कोडमध्ये एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) बंद करा, झोपताना ब्राउनआऊट डिटेक्टर (व्होल्टेज पडलं की चिप रीसेट करणारा) बंद करा नाहीतर तो एकटा वीसेक मायक्रोॲम्प घेतो.

अजून एक चोर आहे आणि तो मला दोन दिवस सापडला नव्हता. एसएचटी३१ च्या दोन डेटा वायरींना पुल-अप रेझिस्टर (वायर ३.३ व्होल्टला ओढून धरणारे) असतात, समजा १० किलोओहम. झोपताना मायक्रोकंट्रोलरने त्यातली एक वायर जरी खाली ओढलेली राहिली तर ३.३ व्होल्ट भागिले १० हजार, म्हणजे ३३० मायक्रोॲम्प चोवीस तास वाहतात, आख्ख्या नोडच्या झोपेच्या पन्नास पट. झोपायच्या आधी त्या दोन्ही पिना इनपुट करून सोडा.

आता पंधरा मिनिटांचा हिशोब. वॉचडॉग जास्तीत जास्त ८ सेकंदांचा असतो, तो ११२ वेळा मोजायचा म्हणजे ८९६ सेकंद. झोपेत ६ मायक्रोॲम्पने साधारण ५.४ मिलीॲम्प-सेकंद. उठून सेन्सर वाचायला आणि पॅकेट बांधायला १. रेडिओ १७ डीबीएम ताकदीवर ८७ मिलीॲम्प घेतो, किती वेळ हे स्प्रेडिंग फॅक्टरवर (एसएफ, तो वाढवला की सिग्नल लांब पोचतो पण पॅकेट सावकाश जातं) ठरतं. १२ बाइटचं पॅकेट १२५ किलोहर्ट्झवर एसएफ७ ला ४१ मिलीसेकंदांत जातं, एसएफ९ ला १४४, आणि एसएफ१२ ला जवळजवळ ११५५. म्हणजे एसएफ९ धरला तर रेडिओचे १२.५ आणि एकूण १९ मिलीॲम्प-सेकंदांच्या आत, सरासरी २१ मायक्रोॲम्प, दिवसाला अर्धा मिलीॲम्प-अवर.

हा तोच अर्धा. चाळीतल्या २०० लक्सवर अमॉर्फस सेल जेवढं कमावतो तेवढाच आपला खर्च, आणि चार्ज करताना जे वाया जातं ते धरलं की रोज तोटा. एसएफ७ वर आणलं तर खर्च निम्मा होतो आणि आतल्या उजेडावरही गाडी चालते, पण कशीबशी. आणि एसएफ१२ वर नेलं तर दिवसाला २.८ मिलीॲम्प-अवर, साडेपाच पट. म्हणून चाळ घरापासून दोन-तीनशे मीटरवर असेल तर एसएफ७ नेच सुरुवात करा, पॅकेट गळायला लागले तर अँटेना बाहेर काढा, उंच करा, आणि तरी भागलं नाही तरच एसएफ वाढवा. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ बिनपरवाना वापरता येतो, मोड्यूल घेताना ४३३ वाला नाही ८६८ वाला घ्या आणि फ्रिक्वेन्सी ८६५-८६७ मध्ये सेट करा, त्याला पाव तरंगलांबीची अँटेना म्हणजे साधारण ८.६ सेंटीमीटरची सरळ उभी तार पुरते. पत्र्याखाली अँटेना ठेवून सिग्नल येत नाही म्हणू नका, पत्रा आडवा येणारच.

हे आकडे माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका, मोजा. मायक्रोॲम्प मोजायचं भारी मीटर नसेल तर सेलच्या वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर टाका, त्याला समांतर एक जंपर, आणि बोर्डच्या पॉवर पिनांवर १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. बोर्ड उठताना आणि पाठवताना जंपर लावलेला ठेवा नाहीतर तो सुरूच होणार नाही, एकदा झोपला की जंपर काढा, थोडं थांबा आणि रेझिस्टरवर मिलीव्होल्ट बघा, जितके मिलीव्होल्ट तितके मायक्रोॲम्प. ६ दिसले की समाधान. ३०० दिसले की पुल-अपकडे बघा. हजाराच्या घरात गेले किंवा बोर्डच बंद पडला की एलईडी किंवा रेग्युलेटर राहिलाय.

साठवण

आमचे तात्या हा हिशोब ऐकून म्हणाले, "आरं मग एखादा सेलच टाक ना मोठा, एवढा कुटाणा कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. ६०० मिलीॲम्प-अवरचा सेल अर्धा-अर्धा करत कागदावर तीन वर्षं पुरतो. पण कागदावरच. उन्हाळ्यात पत्र्याखाली सेल आपोआप उतरतो, एसएफ वाढवावा लागला तर तीन वर्षांचे सात महिने होतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेल बदलायला पावसाळ्यात डबी उघडली की आत दमट हवा शिरते आणि तिथून बोर्ड खराब व्हायला सुरुवात होते. एकच नोड असेल तर सेल टाकून मोकळे व्हा, माझं काही म्हणणं नाही. चार चाळी आणि दहा नोड असतील तर हा कुटाणा करा.

सुपरकॅपॅसिटर लावावा असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटलं, लाखो वेळा चार्ज होतो, मरत नाही. पण १० फॅरडच्या कॅपॅसिटरची स्वतःची गळती काही दहा मायक्रोॲम्प असते, ३० धरा, म्हणजे आपला नोड २१ खातो आणि टाकीच ३० गळते. २.७ व्होल्टवरून २ व्होल्टपर्यंत उतरायला दीडेक दिवस. रात्र निघते, झड लागली की निघत नाही.

मी १४५०० साईजचा लिथियम फेरो फॉस्फेट सेल वापरतो, पेन्सिल सेलएवढा, ५००-६०० मिलीॲम्प-अवरचा. तो उष्णता साध्या लिथियम-आयनपेक्षा जास्त सोसतो, आणि त्याची अजून एक जमेची बाजू म्हणजे व्होल्टेज. भरलेला असताना ३.६, काम करताना ३.२ च्या आसपास, आणि आरएफएम९५ ची कमाल मर्यादा ३.७, म्हणजे मधे रेग्युलेटरच लागत नाही, सेल सरळ बोर्डला. मात्र बाजारात पाच-पन्नास रुपयांत मिळणारा टीपी४०५६ चा चार्जर याला लावू नका, तो ४.२ व्होल्टपर्यंत चढवतो, सेलही जाईल आणि रेडिओही.

चार्जर आणि पॅनल

पॅनल आणि सेलच्या मधे मी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू२५५७० ही चिप वापरतो, तयार छोट्या मोड्यूलवर मिळते. स्वतःला अर्धा मायक्रोॲम्पच लागतो, दर १६ सेकंदांनी पॅनलचं उघडं व्होल्टेज बघून त्याच्या ८० टक्क्यांवर पॅनल चालवते, एकदा सुरू झाली की ०.१ व्होल्ट इनपुटवरही काम करत राहते. ही बूस्ट चिप आहे, म्हणजे कमी व्होल्टेज घेऊन वर चढवते, इनपुट ५.१ व्होल्टच्या वर जाऊन चालत नाही. दुकानात सगळ्यात सहज मिळणारं साडेपाच-सहा व्होल्टचं पॅनल मी पहिल्यांदा लावलं आणि उन्हात बिनलोडचं सात व्होल्ट चढून चिप गेली. २ व्होल्टचं, चार सेलवालं, १०० मिलीॲम्पच्या आसपासचं पॅनल घ्या.

मोड्यूलवर चार्जची वरची मर्यादा बहुतेक वेळा ४.२ व्होल्टला सेट केलेली येते, ती रेझिस्टर बदलून ३.५ वर आणावी लागते. सूत्र असं: १.८१५ × (१ + दुसरा रेझिस्टर ÷ पहिला रेझिस्टर). दोघांची बेरीज १३ मेगाओहमच्या आसपास ठेवायची, म्हणजे पहिला ६.७ आणि दुसरा ६.२ मेगाओहम लावला की ३.५ च्या अगदी जवळ येतं. सेल जोडायच्या आधी त्या जागी एक कॅपॅसिटर लावून व्होल्टेज कुठे थांबतं ते मीटरने बघा.

आता या मेगाओहमचंच एक दुखणं सांगतो कारण यात माझा पहिला आख्खा पावसाळा गेला. मे महिन्यात नोड झकास चालला, जूनच्या शेवटी सेल हळूहळू उतरायला लागला, मी ढगांना दोष दिला, मोठं पॅनल लावलं, तरी उतरतोच. शेवटी डबी घरी आणून उन्हात ठेवली तर लगेच चार्ज व्हायला लागला, आणि तोंडाची वाफ बोर्डवर सोडली की बंद. सोल्डर करताना उरलेला फ्लक्स (कथिल नीट धरावं म्हणून असलेला राळेसारखा पदार्थ) रेझिस्टरच्या पायांमध्ये तसाच होता, दमट हवेत तो ओलावा धरायचा आणि ६ मेगाओहमला समांतर स्वतःच एक रेझिस्टर होऊन बसायचा, मग चिपला वाटायचं सेल भरला. तेव्हापासून सोल्डरिंग झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड दोनदा घासतो, हेअर ड्रायरने वाळवतो आणि मग कॉन्फॉर्मल कोटिंगचे, म्हणजे ओलावा रोखणाऱ्या वार्निशचे, दोन हात देतो, रेझिस्टरच्या भागाला तर तीन. हे अजिबात टाळू नका. कोटिंग सेन्सरच्या तोंडावर मात्र जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट, सेल पूर्ण उतरला तर काय. नोड उठतो, रेडिओ चालू करायला जातो, व्होल्टेज कोसळतं, रीसेट होतो, परत उठतो, आणि पॅनल जे थोडं थोडं देतंय ते सगळं या उठाबशांतच जातं, सेल कधी वर येतच नाही. चार्जरची चिप सेलला १.९५ व्होल्टपर्यंत उतरू देते, आपल्या सेलला ते फार खाली आहे. म्हणून तिची व्हीबॅट-ओके पिन वापरा: ३.१५ ला लोड (म्हणजे नोड) जोडायचा, २.९ ला तोडायचा, मधे एक छोटा लोड स्विच, सिग्नल आल्यावर चालू होणारा.

पॅनल किती कमावेल हे पॅनललाच विचारा. मीटर मिलीॲम्पवर ठेवून पॅनलची दोन टोकं सरळ मीटरला लावा, शॉर्ट सर्किट करंट उजेडाच्या प्रमाणात असतो. उन्हात १०० दाखवत असेल आणि गच्च ढगात वळचणीच्या जागी २ दाखवला, तर तिथे २ टक्के उजेड आहे. त्यातून चार्जरचा तोटा वजा जाता सेलला अर्धा मिलीॲम्प मिळेल, सहा तास धरले तर ३ मिलीॲम्प-अवर, आपल्या खर्चाच्या सहा पट. आषाढातल्या वाईट दिवशी सहा पट म्हणजे छान, तीन पटीच्या खाली आलं तर जागा बदला.

बसवणं

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून वीस अंश कलतं लावा असं सगळीकडे सांगतात, वर्षभराच्या कमाईला ते बरोबरच आहे. पण आपल्याला वर्षभराची नाही, पावसाळ्याची चिंता आहे. निफाड साधारण २० अक्षांशावर येतं, जून-जुलैत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि ढगात तर उजेड आख्ख्या आभाळातून येतो, म्हणून पॅनल जितकं आडवं तितकं चांगलं, फक्त धूळ पावसाने धुवून जावी म्हणून दहा-पंधरा अंश कल द्या. दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेच्या वळचणीच्या अगदी टोकाला, पन्हळीच्या बाहेर. कांदा भरताना आणि चाळताना टरफलं उडतात ती पॅनलवर चिकटतात, भरणं झालं की एकदा ओल्या फडक्याने पुसून घ्या.

डबी पांढरी घ्या, काळी तापते, आणि पॅनलच्या खाली नाही तर आतल्या बाजूला सावलीत लावा. वायरी खालून आत घ्या, आत शिरायच्या आधी वायरीला एक झोल द्या म्हणजे पाणी तिथून खाली गळतं. सेन्सर जाळीच्या टोपीतला घेऊन कांद्याच्या थरात मधोमध, कांदा भरतानाच ठेवावा लागतो, नंतर हात जात नाही. दीड मीटर वायर असेल तर डेटाचा क्लॉक १० किलोहर्ट्झवर आणा. जोडांवर हीट श्रिंक घाला, सडक्या कांद्याच्या गंधकी वासाने उघडं तांबं काळं पडतं.

कोडमधल्या तीन सवयी

उत्तराची वाट बघू नका, रेडिओ ऐकत बसला की तोही दहा-बारा मिलीॲम्प खातो. पाठवा आणि झोपा, पॅकेटमध्ये फक्त एक चढता नंबर टाका म्हणजे घरच्या गेटवेला (पॅकेट पकडणाऱ्या रिसीव्हरला) किती गळाले ते कळेल. प्रत्येक नोडच्या झोपेत थोडे सेकंद इकडेतिकडे करा नाहीतर दोन नोड एकाच वेळी बोलत राहतात. आणि सेलचं व्होल्टेज ३.१ च्या खाली आलं की पंधरा मिनिटांऐवजी तासाने पाठवा, चाळीतली आर्द्रता तासाभरात फार काही बदलत नाही.

या सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे दुपारी ३.३ दिसलं म्हणजे भरलाय असं नाही. सकाळी सहाचं व्होल्टेज बघा, रात्रभर काही कमाई नसताना काय उरलं ते. नोड बसवल्यावर पहिले पंधरा दिवस तो एकच आकडा वहीत लिहा, रोज सारखा असेल तर हात लावू नका, रोज एक-दोन मिलीव्होल्ट घसरत असेल तर डबी उतरवून त्या जंपरवाल्या रेझिस्टरने झोपेचा करंट परत मोजा.